आजारी मुलांना डोपामिनचं ड्रिप: रक्ताभिसरण, स्ट्रेस हार्मोन्स आणि फाईलमधला टीएसएच

गोदाकाठ

मंडळी, विषय रुक्ष आहे, पण इथे डॉक्टर आणि सिस्टर मंडळी बरीच आहेत म्हणून धागा काढतोय. माझी मुलगी साडेचार वर्षांची. मागच्या महिन्यात न्यूमोनिया बिघडला, सेप्सिस (संसर्गाने सगळं शरीर कोलमडणं) झाला, पीआयसीयूत, म्हणजे लहान मुलांच्या आयसीयूत, ठेवावं लागलं. आता घरी आहे, खातेपिते, भावाशी कडाकडा भांडते. तब्येतीची काळजी नाही, डोक्याला भुंगा लावलाय तो फाईलने.

फाईलमध्ये पहिल्या दिवशी 'डोपामिन १०' लिहिलंय. रात्री त्याच्या जोडीला 'ॲड्रिनलिन ०.१', मग डोपामिन हळूहळू कमी करत बंद. मधल्या दिवशी थायरॉईड तपासलाय: टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन) ०.२, टी-३ हे थायरॉईडचं हार्मोन पण कमी. ओळखीतले एक गृहस्थ (डॉक्टर नाहीत, पण सगळ्यातलं कळतं) म्हणाले, थायरॉईडची गोळी ताबडतोब सुरू करा. शिवाय डोपामिन म्हणजे मोबाईल बघताना मेंदूत वाढतं तेच ना? ते शिरेतून कशाला देतात? आणि ते चांगलं होतं तर बदललं का? हॉस्पिटलात विचारायचं सुचलंच नाही, तेव्हा फक्त मॉनिटरवरचे आकडे दिसत होते.

कडुनिंब

गोदाकाठ, मुलगी भांडतेय हे वाचून बरं वाटलं. मी लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात काम करतो. इथलं माझं बोलणं माहितीपुरतं. मुलीला तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

थायरॉईडचं आधी, कारण ते लवकर संपतं. त्या एका रिपोर्टवर गोळी सुरू करू नका. रक्त घेतलं तेव्हा डोपामिन चालू होतं का, हे फाईलमधल्या वेळा जुळवून बघा. चालू असेल तर तो टीएसएच मुलीच्या थायरॉईडबद्दल फार काही सांगत नाही, डोपामिनबद्दल सांगतो. पूर्ण बरी झाल्यावर, साधारण सहा-आठ आठवड्यांनी, टीएसएच आणि टी-४ पुन्हा करा आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता मोबाईलवालं डोपामिन. रसायन तेच. १९१० साली लंडनमध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. मेंदूत ते स्वतंत्रपणे निरोप पोचवतं हे स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं, त्याबद्दल २००० साली त्यांना नोबेल मिळालं. पण शिरेतून दिलेलं डोपामिन मेंदूत शिरत नाही, रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते अडवतो. त्यामुळे पोरगी त्या दिवशी खूश वगैरे होत नव्हती. शिरेतलं डोपामिन हृदय, रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडावर काम करतं. आणखी एका जागी पोचतं, तिथेच तुमच्या टीएसएचचं उत्तर आहे. संध्याकाळी ओपीडी आटपून लिहितो.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे आनंदाचं इंजेक्शन नाही तर. निराशा झाली.

नाईट_ड्युटी

डॉक्टर ओपीडीतून येईपर्यंत मी थोडं लिहिते. मी पीआयसीयूत सिस्टर आहे. नातेवाईक बाहेर बसलेले असतात, त्यांना आत पंपवर काय चाललंय ते कळत नाही, म्हणून.

डोपामिनचं अँपूल आपल्याकडे ५ मिलीचं येतं, त्यात २०० मिलिग्रॅम. हे कधीही थेट टोचत नाहीत. पातळ करून ५० मिलीच्या सिरिंजमध्ये भरायचं आणि पंपावर लावायचं. हिशोब असा: वजन गुणिले १५, तेवढे मिलिग्रॅम ५० मिलीत. मग पंप तासाला १ मिलीवर ठेवला की डोस होतो ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. दहा किलोचं मूल असेल तर १५० मिलिग्रॅम, म्हणजे अँपूलमधले पावणेचार मिली, बाकी सलाईन किंवा डेक्स्ट्रोज. दोघींनी मिळून तपासायचं, लेबलवर वजन, हिशोब, वेळ, सही. 'डोपामिन १०' म्हणजे तो १० मायक्रोग्रॅमचा डोस.

रक्तात हे औषध दोनेक मिनिटांत अर्धं होतं. म्हणून सिरिंज संपत आली की आमची धावपळ. नवीन सिरिंज दुसऱ्या पंपावर आधी चालू करून ठेवतो आणि मगच जुनी काढतो. मध्ये क्षणभर जरी खंड पडला तरी प्रेशर धाडकन खाली येतं. त्याच लाईनमधून दुसरं औषध जोरात ढकललं तर उलटं, नळीतलं सगळं डोपामिन एकदम आत जातं आणि नाडी दोनशेच्या घरात. म्हणून त्या लाईनवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली असते आणि नवीन मुलींना पहिल्याच दिवशी दम भरलेला असतो.

सोडा बायकार्बसोबत एकाच नळीतून द्यायचं नाही, डोपामिन निकामी होतं. द्रावणाचा रंग बदलला, पिवळट-गुलाबी झालं, तर सरळ फेकायचं.

कडुनिंब

नाईट_ड्युटी यांनी माझं निम्मं काम केलं.

गोदाकाठ, सेप्सिस वाढला की शॉक येतो, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही. शॉकमध्ये लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा वेगळं वागतं. लहान हृदय प्रत्येक ठोक्याला फेकलं जाणारं रक्त फारसं वाढवू शकत नाही, त्यामुळे ते ठोकेच वाढवतं. सोबत हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. या दोन युक्त्यांवर मूल बराच वेळ प्रेशर टिकवून ठेवतं. पाय गार, नखं फिकट, नखावर दाबून सोडलं तर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ, लघवी कमी, मूल मलूल, आणि तरी बीपी नॉर्मल! बीपी पडतं ते अगदी शेवटी. एक ते दहा वर्षांच्या मुलांत वरचा आकडा ७० अधिक वयाची दुप्पट याच्या खाली गेला तर तो धोका समजतात. तुमच्या मुलीसाठी ते साधारण ७९ होतं. पण आम्ही त्या आकड्याची वाट बघत बसत नाही.

हे सगळं घडवतात स्ट्रेस हार्मोन्स. मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीच्या गाभ्यातून ॲड्रिनलिन, मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रिनलिन. त्याच ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल, जे नसेल तर रक्तवाहिन्या ॲड्रिनलिनचं ऐकेनाशा होतात. पीयूषिका म्हणजे पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच (कॉर्टिसॉल सोडायला लावणारं हार्मोन), प्रोलॅक्टिन आणि ग्रोथ हार्मोन वाढवते. प्रोलॅक्टिन फक्त आईच्या दुधाचं हार्मोन नाही, पांढऱ्या पेशींनाही ते लागतं.

सलाईनचे बोलस (एकदम दिलेले डोस) देऊनही रक्ताभिसरण सुधारलं नाही की औषधांचा पंप येतो. डोपामिनची पुस्तकी मांडणी आम्ही सगळ्यांनी घोकली आहे: कमी डोसला मूत्रपिंड आणि आतड्याच्या रक्तवाहिन्या सैल होतात, ५ ते १० ला हृदयाचा जोर वाढतो, १० च्या वर रक्तवाहिन्या आवळतात. परीक्षेत याला पूर्ण मार्क. वॉर्डात मात्र हे कप्पे एकमेकांत मिसळलेले असतात. एकाच डोसवर दोन माणसांच्या रक्तातली पातळी कित्येक पटींनी वेगळी निघते. दोन वर्षांखालची मुलं ते मोठ्या मुलांपेक्षा बरंच लवकर संपवतात. त्यामुळे आकडा १० असला तरी त्या मुलाला नेमका कोणता परिणाम मिळतोय, हे नखं, नाडी, लघवी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) बघूनच कळतं.

आणखी एक मर्यादा. डोपामिन स्वतः काम करतंच, पण त्याच्या कामाचा मोठा भाग दुसऱ्याकडून करून घेतलेला असतो. ते मज्जातंतूंच्या टोकांत साठवलेलं नॉरॲड्रिनलिन बाहेर काढतं. दोन दिवस शॉकशी झुंजलेल्या मुलाचा हा साठा आधीच रिकामा झालेला असू शकतो. मग डोपामिन वाढवत राहिलं तरी नाडी तेवढी पळते, रक्ताभिसरण जागचं हलत नाही. ॲड्रिनलिनला असा मध्यस्थ लागत नाही. तुमच्या मुलीचं औषध बदलण्यामागचं नेमकं कारण तिथल्या डॉक्टरांनाच माहीत, पण डोपामिनवर सुधारलं नाही म्हणून ॲड्रिनलिन जोडलं, हा प्रवास आम्हाला ओळखीचा आहे.

आता पिट्युटरी. मेंदूभोवतीच्या पडद्याच्या बाहेर राहिलेल्या मोजक्या जागा आहेत, त्यातली एक म्हणजे पिट्युटरीचा पुढचा भाग. एरवी मेंदूच डोपामिन पाठवून तिथे प्रोलॅक्टिनला लगाम घालत असतो. आपण शिरेतून डोपामिन सोडलं की पिट्युटरीला तो मेंदूचाच हुकूम वाटतो. प्रोलॅक्टिन पडतं, टीएसएच पडतो, ग्रोथ हार्मोनही. बेल्जियममध्ये लवेन इथे ग्रीट व्हॅन डेन बर्ग आणि सहकाऱ्यांनी हे १९९४ मध्ये दाखवलं, तेही हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या नवजात बाळांत आणि मुलांत. ड्रिप चालू असताना तिन्ही दबलेले, आणि थांबवल्यावर वीसेक मिनिटांतच उसळी मारून वर यायला सुरुवात. म्हणजे परिणाम खरा, पण पुसला जाणारा.

गोदाकाठ

डॉक्टर, मनापासून आभार. वेळा जुळवल्या. रक्त घेतलं सकाळी सहाला, डोपामिन त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालू होतं. त्या गृहस्थांना फोन करून कळवलं. म्हणाले, "मी तेच म्हणत होतो."

उंटावरचा_शहाणा

असे गृहस्थ प्रत्येक फॅमिलीला एक मोफत मिळतात.

पण माझा खरा प्रश्न. जे औषध आजारपणात लागणारी हार्मोन्सच दाबतं, ते अजून का वापरतात? स्वस्त आहे म्हणून?

कडुनिंब

स्वस्त आहे, पण ॲड्रिनलिनही स्वस्तच आहे, त्यामुळे पैशाचा मुद्दा इथे लागू नाही. सवय हे मोठं कारण. अमेरिकन कॉलेज ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या २००२ आणि २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या सेप्टिक शॉकमध्ये पहिलं नाव डोपामिनचं होतं. एक अख्खी पिढी त्यावर शिकली. शिवाय हाताच्या साध्या शिरेतून डोपामिन द्यायला कुणी घाबरत नसे, ॲड्रिनलिन म्हटलं की सेंट्रल लाईन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी) हवीच असा समज.

मग दोन अभ्यास आले. २०१५ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोतून: १२० मुलं, अर्ध्यांना डोपामिन, अर्ध्यांना ॲड्रिनलिन, कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही माहीत नाही. मृत्यू डोपामिनच्या गटात २०.६ टक्के, ॲड्रिनलिनच्या गटात ७ टक्के. आणि हॉस्पिटलात लागणारे संसर्गही डोपामिनच्या गटात जास्त. दुसरा आपल्याच देशातला, चंडीगडच्या पीजीआय या मेडिकल इन्स्टिट्यूटचा, २०१६ चा. ६० मुलं. पहिल्या तासात शॉक आटोक्यात आला तो ॲड्रिनलिनवर ४१ टक्के मुलांत आणि डोपामिनवर १३ टक्के. मृत्यूंत मात्र ठोस म्हणावा असा फरक नव्हता.

सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२० च्या मुलांसाठीच्या सूचनांनी डोपामिनऐवजी ॲड्रिनलिन किंवा नॉरॲड्रिनलिन सुचवलं. सेंट्रल लाईन मिळेपर्यंत साध्या शिरेतून, पातळ करून सुरू करायलाही हरकत नाही असं म्हटलं.

चिकित्सक_बुवा

कडुनिंब, एक शंका. १२० आणि ६० मुलं म्हणजे फारच थोडी. आणि ब्राझीलच्या अभ्यासात डोपामिन ५ ते १० आणि ॲड्रिनलिन ०.१ ते ०.३ असा डोस होता ना? ०.३ ॲड्रिनलिनसमोर १० डोपामिन ही बरोबरीची कुस्ती आहे का? मला तर वाटतं एका पहिलवानाचा एक हात बांधला होता.

कडुनिंब

आक्षेप रास्त आहे आणि तो तेव्हाही घेतला गेला. चंडीगडवाल्यांनी डोपामिन १० ते २० पर्यंत नेलं होतं, तिथेही पहिल्या तासाचा निकाल ॲड्रिनलिनकडेच झुकला. म्हणून माझं मत असं: 'डोपामिनने मुलं दगावतात' हे सिद्ध झालेलं नाही. 'ॲड्रिनलिनने शॉक लवकर सुटतो' हे बऱ्यापैकी पटण्यासारखं आहे, आणि शॉकमध्ये तास महत्त्वाचे असतात.

मोठ्यांमध्ये चित्र जास्त स्वच्छ आहे. २०१० च्या युरोपातल्या अभ्यासात १६७९ रुग्ण होते, डोपामिन विरुद्ध नॉरॲड्रिनलिन. एकूण मृत्यूंत फरक नाही, पण हृदयाचे ठोके बिघडण्याचं प्रमाण डोपामिनवर २४ टक्के, दुसरीकडे १२. आणि 'मूत्रपिंड वाचवायला थोडं डोपामिन' या प्रथेचा निकाल त्याआधीच २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ३२८ रुग्णांच्या अभ्यासाने लावला. लघवी वाढत असेल, मूत्रपिंड वाचत नाही. तरी अजून काही ठिकाणी मला केसपेपरवर 'रीनल डोस' दिसतो आणि तिडीक जाते.

चिकित्सक_बुवा

आणि संसर्ग जास्त झाले ते प्रोलॅक्टिन दबल्यामुळे?

कडुनिंब

मोह होतो तसं म्हणायचा. पिट्सबर्गच्या २००५ च्या एका अभ्यासात, ज्या मुलांचे अनेक अवयव निकामी झाले होते त्यांच्यात प्रोलॅक्टिन बराच काळ कमी राहणं, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घटणं आणि हॉस्पिटलातले संसर्ग हे हातात हात घालून चाललेले दिसले. प्रयोगशाळेतही डोपामिनने टी-पेशी मंदावतात. पण ही परिस्थितीजन्य साक्ष झाली. ब्राझीलच्या अभ्यासात कुणी प्रोलॅक्टिन मोजून दुवा जोडलेला नाही.

कॉर्टिसॉलबद्दल मात्र गैरसमज नको. डोपामिनने प्रोलॅक्टिन, टीएसएच, ग्रोथ हार्मोन खाली जातात, कॉर्टिसॉल तसं जात नाही. अतिदक्षतेतल्या मोठ्या रुग्णांत डीएचईए-सल्फेट हे अधिवृक्काचं दुसरं हार्मोन घटलं, कॉर्टिसॉल होतं तिथेच राहिलं. त्यामुळे मुलाचं कॉर्टिसॉल शॉकमध्ये कमी आलं तर त्याचं खापर डोपामिनवर फोडून मोकळं होता येत नाही, कारण शोधावं लागतं.

आणि ॲड्रिनलिन म्हणजे गंगाजल नव्हे. साखर वाढवतं. स्नायूंमध्ये लॅक्टेट तयार करवतं, त्यामुळे रिपोर्टमधलं वाढलेलं लॅक्टेट शॉकचं की औषधाचं, हा घोळ रोजचा.

मोगरा

हा धागा आधी निघायला हवा होता. माझा मुलगा २९ आठवड्यांचा जन्मला, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, प्रेशरसाठी डोपामिनवर होता. टाचेतून रक्त घेऊन थायरॉईडची तपासणी केली, नॉर्मल आली. तरी तिथल्या मॅडम म्हणाल्या की परत करायची. माझ्या सासूबाईंचं म्हणणं, नॉर्मल आलंय तर पोराला पुन्हा कशाला टोचता. आम्ही केली, दोन्ही वेळा नॉर्मल. पण हे 'नॉर्मल असूनही परत' प्रकरण मला आज कळलं. डोपामिनने टीएसएच दाबला तर आजार असूनही रिपोर्ट चांगला दिसणार, बरोबर?

कडुनिंब

मोगराताई, अगदी बरोबर. जन्मजात थायरॉईड कमी असेल तर टीएसएच वर जातो आणि तपासणी तो चढलेला टीएसएचच शोधत असते. डोपामिनने तो खाली दाबून ठेवला तर खरा आजार जाळ्यातून निसटू शकतो. इटलीत फ्लॉरेन्सच्या नवजात विभागाने याकडे २००६ मध्ये स्पष्ट लक्ष वेधलं. या आजारात उपचाराला उशीर झाला तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, म्हणून डोपामिन थांबल्यावर पुन्हा तपासणी. तुमच्या मॅडम जागरूक होत्या.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांत डोपामिन अजून भरपूर वापरलं जातं, तो वेगळाच वाद आहे. तिथे डोपामिन प्रेशरचा आकडा छान वाढवतं, डोब्युटामिन हे हृदयाचा जोर वाढवणारं दुसरं औषध आकडा कमी वाढवतं पण हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा प्रवाह जास्त सुधारतं. प्रेशर वाढलं म्हणजे रक्त पोचलं असं नाही. आकड्यावर समाधान मानणारे आणि इको लावून प्रवाह बघणारे, असे दोन तट नवजात विभागात आहेत. मी दुसऱ्या तटाचा.

सावित्री_घाट

मी मेडिकलची नाही, त्यामुळे वेगळंच विचारते. स्ट्रेस हार्मोन्स म्हणता ती औषधानेच बदलतात की मूल घाबरल्याने, दुखल्यानेही? माझ्या भाचीला आयसीयूत हात बांधून ठेवलं होतं, आम्हाला आत सोडत नव्हते. तिचं प्रेशर, नाडी सगळं त्यामुळेच वर होतं असं मला अजून वाटतं.

नाईट_ड्युटी

ताई, दुखण्याने आणि भीतीने नाडी चढते ते आम्ही रोज बघतो. हात बांधतात ते नळी ओढू नये म्हणून. पण हल्ली बऱ्याच ठिकाणी आईला जवळ बसू देतात. आई बोलायला लागली की पंपावरचा आकडा न बदलता मॉनिटरवरची नाडी उतरते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या भाचीच्या बाबतीत काय होतं ते मात्र मी इथून सांगू शकत नाही.

कडुनिंब

सावित्रीताई, याचं उत्तर देणारा माणूस इंदूरच्या मेडिकल कॉलेजातून शिकून ऑक्सफर्डला गेला होता: डॉ. कंवलजीत सिंग आनंद. १९८० च्या दशकापर्यंत तान्ह्या बाळांना वेदना नीट कळत नाहीत आणि पूर्ण भूल त्यांना झेपत नाही असं मानत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर नाममात्र भूल देऊन हृदयाजवळची शस्त्रक्रिया करत. आनंद आणि सहकाऱ्यांनी काही बाळांना नेहमीच्या भुलेसोबत फेन्टानिल हे वेदनाशामक दिलं, काहींना दिलं नाही, आणि रक्तातली स्ट्रेस हार्मोन्स मोजली. फेन्टानिल न मिळालेल्या बाळांत ॲड्रिनलिन, नॉरॲड्रिनलिन फार जास्त वाढलेलं, आणि शस्त्रक्रियेनंतरचे त्रासही जास्त. हे १९८७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि त्यानंतर तान्ह्या बाळांना भूल देण्याची पद्धतच बदलली. त्यामुळे पंप वाढवण्याआधी 'याला दुखतंय का' हा प्रश्न विचारणं हा आमच्या कामाचाच भाग आहे.

घाटाखालचा_डॉक्टर

उशिरा आलो. मी रायगडात प्रॅक्टिस करतो आणि मला वरची सगळी चर्चा उलटी लटकवावीशी वाटते. आमच्याकडे काही मुलं अशी येतात ज्यांना बाहेरून ॲड्रिनलिन द्यायची गरजच नाही, शरीरानेच ओतलेलं असतं. लाल विंचू!

विंचू चावला की विषामुळे मज्जातंतूंची टोकं आणि अधिवृक्क यांतून ॲड्रिनलिन, नॉरॲड्रिनलिनचा लोंढा सुटतो. मूल घामाने भिजलेलं, लाळ गळतेय, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, आणि चावल्या जागी मात्र कधीकधी फारसं दुखतही नाही. प्रेशर आधी वर चढतं. मग आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध ढकलून हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. असं गार पडलेलं मूल बघून, विंचवाची हकिगत न विचारता, 'शॉक आहे' म्हणून डोपामिन लावणं म्हणजे आगीत तेल.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हीच गोष्ट ओळखली आणि प्राझोसिन वापरलं, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारे ते निरोप अडवणारी साधी गोळी. त्यांचं पत्र लॅन्सेटमध्ये १९८६ मध्ये आलं. पुढे प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर मुलं-माणसं आणखी लवकर सावरतात हा त्यांचा अभ्यास २०११ मध्ये बीएमजेत. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. कोकणात याआधी विंचवाने मुलं कशी जायची हे जुन्या माणसांना विचारा.

चिकित्सक_बुवा

डॉक्टर, फुप्फुसात पाणी भरून नंतर प्रेशर पडलं तर?

घाटाखालचा_डॉक्टर

तेव्हा डोब्युटामिन. हृदयाचा जोर वाढवतं, रक्तवाहिन्या आवळत नाही. पण तोपर्यंत वेळ येऊ नये म्हणून तर प्राझोसिन लवकर.

तोरणमाळ

मी नंदुरबार जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात आहे, एमबीबीएस. सगळं वाचून एक रोखठोक प्रश्न. माझ्याकडे सिरिंज पंप बंद पडलेला आहे, दुरुस्तीला गेलाय. सेंट्रल लाईन नाही. मूल शॉकमध्ये, दोन बोलस देऊन झाले, पुढचं हॉस्पिटल तीन तासांवर. माझ्या कपाटात डोपामिन आणि ॲड्रिनलिन दोन्ही आहे. काय लावू?

कडुनिंब

दोन्ही असेल तर ॲड्रिनलिन. समोरच्या मुलाबद्दल पुढच्या हॉस्पिटलच्या बालरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलूनच. पण शीर साधी आहे म्हणून थांबू नका. ॲड्रिनलिन नसेल, फक्त डोपामिन असेल, तर डोपामिन लावा. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२० च्या सूचनांतही हेच होतं, ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन दोन्ही मिळत नसतील तर डोपामिन. तीन तास काहीच न लावता पाठवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. टीएसएच दबेल, दबू दे.

नाईट_ड्युटी

तोरणमाळ सर, पंप नसेल तर मायक्रोड्रिप सेट वापरा. त्याचे ६० थेंब म्हणजे १ मिली, त्यामुळे मिनिटाला जितके थेंब तितके तासाला मिली, हिशोब तोंडी होतो. डोपामिनसाठी वजन गुणिले ६ एवढे मिलिग्रॅम १०० मिलीत टाका. मग मिनिटाला १ थेंब म्हणजे १ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. ॲड्रिनलिनसाठी वजन गुणिले ०.६ मिलिग्रॅम १०० मिलीत, तिथे १ थेंब म्हणजे ०.१. घातलेल्या औषधाइतकं सलाईन आधी काढून टाका. बाटलीवर ठळक लिहा, कारण पुढच्या हॉस्पिटलात उतरवून घेणाऱ्याला तुमचा हिशोब माहीत नसतो.

कोपराच्या आसपासची मोठी शीर घ्या, बोटांजवळची नको. पट्टी पारदर्शक लावा, वरून कापसाचा गठ्ठा बांधू नका. शिरेच्या रेषेत कातडी पांढरी पडली किंवा गार, टणक लागली की औषध बाहेर झिरपतंय, लगेच दुसऱ्या शिरेवर हलवा, नाहीतर तिथली कातडी मरते. त्यावरचा उतारा फेन्टोलामिन, असेल तर हाताशी ठेवा. गाडी निघण्याआधीच दुसरी शीर लावून ठेवा, धावत्या गाडीत शीर सापडत नाही. आणि गाडी खड्ड्यातून गेली की थेंबांचा वेग बदलतो, म्हणून सोबतच्या माणसाला दर पाच-दहा मिनिटांनी घड्याळ लावून थेंब मोजायला सांगा.

तोरणमाळ

धन्यवाद सिस्टर. हे कागदावर छापून लेबर रूमच्या आणि इमर्जन्सीच्या भिंतीवर लावतोय. ॲड्रिनलिनच्या बाटलीला उजेडापासून झाकायचं का?

नाईट_ड्युटी

हो, लांबच्या प्रवासात झाका. काही नसेल तर खाकी कागद गुंडाळा. फक्त ड्रिप चेंबर उघडा ठेवा, थेंब दिसले पाहिजेत.